कातडं चढायच्या आधी

मनीच्या कॉम्प्युटरवर त्या सकाळी एक गाय उभी होती अन् तिच्या अंगावर कातडं नव्हतं. माझ्या हातात मनीसाठी आणलेला चहा होता. तो कधी सांडला, कप कसा फुटला, मला ठाऊक नाही. सुलेखा, माझी सून, फडकं घेऊन धावत आली तेव्हा कुठं पायाला चटका बसल्याचं कळलं. गाय पडद्यावर सावकाश गोल फिरत होती. मांडीचा लाल गोळा, बरगड्यांवरच्या पट्ट्या, मानेतून खांद्यात उतरणारी जाड दोरी, सगळं जिथल्या तिथं. डोळे मात्र होते. ते उघडे डोळे माझ्याकडं बघत बघत पलीकडं गेले, पाठ दिसली, शेपटीची हाडं दिसली, अन् पुन्हा डोळे आले. "आजी, घाबरलीस काय?" मनी हसली. "पुरी नाही झाली अजून. आधी हाडं, मग मांस. आता कातडी घालायची, मग केस." मी म्हणलं, "घालायची?" "मग? अशीच पाठवू का नागडी?" माझ्या तोंडाला तोंड देणारं सगळ्या बजाजनगरात कुणी नाही, पण त्या वेळी मी नुसती दारापर्यंत मागं सरले. आयुष्यात हे मी एकदाच पाहिलं होतं, अन् उलट्या क्रमानं. आधी केस, मग कातडं, मग मांस, मग हाडं.

मनी म्हणजे माझी नात. तिचं खरं नाव मनस्विनी, माझ्या राजेंद्रनं ठेवलेलं. एवढं लांब नाव की हाक पुरी होईस्तोवर पोरगी वाळूजच्या फाट्यावर पोचायची, म्हणून मी मनीच म्हणते. ती सिडकोत दोन वर्षं क्लास करून ही कॉम्प्युटरवर चित्रं चालवायची विद्या शिकली. हैदराबादच्या एका कंपनीनं तिला परीक्षा म्हणून काम दिलं होतं: दुष्काळातल्या शेतात बसलेली गाय उठते अन् चार पावलं चालते. सगळं मिळून बारा सेकंद. सोमवारी पाठवायचं, पसंत पडलं तर नोकरी. मी म्हणायचे, बारा सेकंदांत माझी भाकर पलटत नाही अन् त्याच्यासाठी ही पोरगी पंधरा दिवस खुर्चीला चिकटून बसली. बाहुल्यांचा खेळ म्हणायचे मी त्याला. खोटी गाय, खोटं रान, खोटा दुष्काळ. खरा पाहिजे तर दारात या, नळाला आठव्या दिवशी पाणी येतं, टँकर आला की बायका एकमेकींच्या झिंज्या धरतात. खोट्याचा मला लहानपणापासून तिटकारा. माझ्यासमोर थाप मारून कुणी सुखानं घरी गेलेलं नाही. दुधातलं पाणी मी नजरेनं सांगते अन् माणसातलं पाणी पण. असं मी म्हणायचे. अजून म्हणते, पण आता म्हणताना जीभ जरा दातांखाली येते.

दोन दिवस मी त्या खोलीकडं फिरकले नाही. पापड लाटले, सुलेखाच्या कामात खोडी काढल्या. ती म्हणली, "आत्याबाई, आज लईच खपली निघाली तुमची कशाची तरी." मी तिला म्हणलं, "तू तुझ्या पोळ्या बघ, नकाशे लाटू नको." पण डोळ्यांपुढून ती गाय हालेना. मला भीती कातड्याची नव्हती. मला भीती होती की त्या पोरीनं हे सगळं इतकं बरोबर कुठून केलं. पुढच्या पायाच्या फऱ्याच्या आतल्या बाजूला एक चपटा पट्टा असतो, बोट घातलं की सुटा होतो; तो सुद्धा तिनं काढला होता. तिनं आयुष्यात गायीच्या पाठीवरून हात फिरवला नव्हता. मीच फिरवू दिला नव्हता. माझ्या बापानं, सांडूनं, छप्पन साली धम्म घेतला तेव्हा गावची मेलेली ढोरं ओढायचं बंद केलं. मी तेव्हा झोळीत होते. गावानं चक्की बंद केली, पाणवठा बंद केला, बाप हालला नाही. कातडं सोलायची सुरी त्यानं टाकून दिली नाही, कापडात गुंडाळून आढ्याला खोचून ठेवली. म्हणायचा, रोज दिसली पाहिजे, म्हणजे उतरवायची नाही हे ध्यानात राहतं. तिच्यावर गंज चढायचा अन् बाप महिन्या-दोन महिन्यांनी कापड सोडून गंज बघायचा, जशी दुसरी माणसं पीक बघतात. ही गोष्ट माझा राजेंद्र दरसाली जयंतीला कॉलनीच्या हॉलमध्ये सांगतो. कंपनीत फोरमन आहे तो, पण बोलायला उभा राहिला की माणसं पंखे बंद करून ऐकतात. "माझ्या आज्यानं सुरी ठेवली, त्यानंतर आमच्या घरातल्या एकाही हातानं ती उचलली नाही." मग टाळ्या. मी पहिल्या रांगेत, पांढऱ्या लुगड्यात, मान हलवत.

असं नाही की जग विसरलं होतं. राजेंद्रचं नवंनवं लग्न झालं होतं तेव्हा इथं, ह्याच गल्लीत, उन्हाळ्यात एक मोकाट गाय मरून पडली. समोरच्या बंगल्यातली बाई माझ्याकडं आली, गोड आवाज काढून म्हणली, "राजेंद्रला सांगता का जरा, कुणाला तरी बोलवायला?" माझे यजमान, कडुबा, तेव्हा होते, त्यांनी मान खाली घातली. मी विचारलं, "राजेंद्रच का वो? तुमच्या घरात पण फोन हाय. आमच्या फोनला काय वास येतो का?" बाई आल्या पावली गेली. दोन दिवस गाय पडून होती, नाकाला पदर लावून मी रोज तिच्यावरून गेले, पण बोट हलवलं नाही. तेव्हा मला फार अभिमान वाटला होता स्वतःचा. घरी येऊन मी हात तीनदा धुतले. कशाला हात लावला नव्हता तरी धुतले, हे कडुबानं पाहिलं.

गुरुवारी मनीनं हाक मारली. "आजी, ये ना, आता कातडी आहे अंगावर. घाबरणार नाहीस." मी गेले, दारातच उभी राहिले, चुका काढायला. पडद्यावर रान होतं. भेगाळलेली जमीन, काळी नाही, आपल्याकडची मुरमाड, करडी; एक बाभूळ, तिची सावली जाळीसारखी. त्या सावलीत गाय बसलेली. खडकी रंगाची. मी चूक शोधत होते अन् चूक सापडत नव्हती. गळ्याखालची पोळी सुकून तिच्या घड्या पडलेल्या. माकडहाडाजवळ केस घासून गेलेले, तिथं चामडी काळी दिसत होती. डोळ्याच्या कोपऱ्यातून पाणी ओघळून वाळलेला माग, अन् त्या मागावर माश्या. एक माशी उडाली तेव्हा गायीनं मान नाही हलवली, नुसती खांद्याची कातडी थरथरवली. एवढंच. मी पुढं झाले. हे कुणाला सुचतं? हे बघितल्याशिवाय कसं कळतं? "हे थरथरणं कुणी शिकवलं तुला?" "व्हिडिओ बघितले आजी, शंभर एक. केस न् केस वेगळा हलतो बघ, वारा दिला की." तिनं काहीतरी दाबलं, वारा सुटला, गायीच्या पाठीवरचे केस कापसाच्या बोंडासारखे उघडले अन् मिटले. मला त्या खोलीत वास आला. खरं सांगते, शेण, धूळ अन् उपाशी जनावराच्या तोंडाला येतो तो आंबूस वास. वेरूळला मी एकदा गेले होते तेव्हा सांगणारा सांगत होता, इथं कारागिरांनी वरून खाली दगड काढत काढत देऊळ केलं. माणसं गप्प होऊन वर बघत होती. इथं ही माझी वीस वर्षांची नात काहीच नसलेल्या जागी हाड ठेवत ठेवत जनावर करत होती, अन् मी त्याला बाहुल्यांचा खेळ म्हणत होते. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. ती दचकली, कारण मी तसं करत नाही.

"आता उठते बघ," मनी म्हणली. गायीनं पुढचे दोन्ही पाय लांब केले, खुर रोवले, छाती उचलली, अन् मग मागचं अंग. उभी राहिली. मी म्हणलं, "ही गाय नाय." "म्हणजे?" "हे घोडं हाय. घोडं असं उठतं, पुढून. गाय मागून उठती." मनीचा चेहरा पडला. तिनं दोन्ही हातांनी डोकं धरलं. हाडांचा सांगाडा तिनं क्लासमधून तयार घेतला होता, घोड्याचा. त्यालाच ओढून ताणून गायीचं केलं, वरून सगळं गायीचं, हालचाल मात्र आत घोड्याचीच राहिली. "अन् खांद्याकडं बघ," मी म्हणत गेले, मला थांबता येईना, "उठताना कातडं मांसाबरोबर ओढलं जातंय, घट्ट झंपरासारखं. ते तसं नसतं. कातडं सुटं असतं. मधे एक पांढरा पातळ पापुद्रा असतो, ओला. त्याच्यावरून ते घसरतं. मांस एकीकडं जातं, कातडं मागनं येतं." मनी माझ्याकडं बघत राहिली. "आजी, हे व्हिडिओत नाही दिसत. हे तुला कसं माहीत?"

बहात्तर सालच्या दुष्काळात बाप पाझर तलावाच्या कामावर गेला होता, वीस कोसांवर. घरात आई, मालनबाई तिचं नाव, मी सोळा वर्षांची. सरकारनं वाटलेली मिलोची लाल ज्वारी संपून चार दिवस झाले होते. गावानं जनावरं सोडून दिली होती, त्यातली एक ओढ्यात येऊन बसली, ह्याच रंगाची. फाट्यावर कातड्याचा ट्रक यायचा, कातडं दिलं की धान्य मिळायचं. आईनं आढ्याची सुरी काढली अन् मला म्हणली, चल. आम्ही ओढ्यात गेलो तर गाय जिवंत होती. आई म्हणली, बस. थांबू. भर दुपार होती. आम्ही दोघी दगडावर बसलो, अन् गाय आमच्याकडं बघून उठायला लागली. आधी पुढचे गुडघे टेकले, डोकं पुढं फेकलं, त्या झोक्यात मागचं अंग वर आलं, थरथरलं, अन् ती बसली. दुसऱ्यांदा तसंच. तिसऱ्यांदा मागचं अंग पुरं वर होतं, गुडघ्यावर होती ती, नमस्काराला वाकल्यासारखी, नुसता एक पाय पुढं टाकायचा राहिला होता. मुरमावरून गुडघा सरकला. आईनं माझ्या डोळ्यांवर तळवा धरला. बोटांतून दिसत होतं. मी मनात एकच म्हणत होते: उठू नको. उठू नको ग, उठू नको. चौथ्यांदा ती उठायला लागली नाही. आईनं तिचं कातडं काढलं, मी धरू लागले, अन् ते फाट्यावर देऊन आम्ही धान्य आणलं. मग काही दिवसांनी बाप घरी आला. त्यानं आढ्याची सुरी काढली, कापड सोडलं. गंज गेला होता. त्यानं विचारलं, कोण? आई म्हणली, मी. त्यानं माझ्याकडं बघितलं, "पारू, तू व्हतीस का?" आईनं माझ्याकडं बघितलं नाही. मी म्हणलं, "नाय. मी पाण्याला गेल्ते." बापानं ती सुरी विहिरीत टाकली. विहीर कोरडी होती. पाण्याचा आवाज आला नाही, खडकावर लोखंड वाजलं. त्यानंतर अकरा वर्षं जगला, पण आईशी शब्द बोलला नाही. तिच्या हातची भाकर खायचा अन् मला म्हणायचा, "पारू, आईला सांग, मीठ वाढ." आई आपल्याच दोन हातांवर, ते मांड्यांखाली घेऊन, बसलेली असायची. मी सांगायची. दोन वर्षांनी मी नांदायला गेले, तेव्हा मधलं माणूसच गेलं.

हे सगळं मनीला सांगायला किती वेळ लागला, माहीत नाही. सांगितलं तेही धड नाही, कारण आधी मी बोलले नाहीच. मी खाली बसले. फरशीवर, लुगडं गुडघ्यात खोचून, चार पायांवर झाले. ज्या पारूबाईसमोर लोक खुर्ची पुढं करतात ती. "बघ," मी म्हणलं, "हे असे गुडघे टेकवायचे. आता डोकं. डोक्याच्या झोक्यावर सगळं हाय, डोकं नाय फेकलं तर मागचं उचलत नाय. आता वर. इथं थांबती ती. लई वेळ थांबती, दमती. मग हा पाय." मनी मोबाइल धरून माझ्याभोवती फिरत होती, "परत एकदा आजी, मान परत," अन् मी करत होते, गुडघे वाजत होते, अन् तिसऱ्या खेपेला माझा गुडघा फरशीवरून सरकला अन् मी तशीच पडून राहिले अन् तसंच पडून सगळं बोलले. उठू नको तेवढं सोडून. ते मी कुणाला सांगितलं नाही.

डोळे उघडले तर दारात राजेंद्र. पहिली पाळी करून आला होता, डब्याची पिशवी हातात. कधीपासून उभा होता कुणास ठाऊक. त्यानं मला उठवायला हात दिला, मी उठले, तसा हात सोडला. "बहात्तर सालची भूक मला कळती, आई," तो म्हणला, हळू, "त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. पण तू पहिल्या रांगेत बसून मान हलवत होतीस. इतकी वर्षं. मला टाळ्या कशाच्या मिळत होत्या?" मला जबाब होता. लई जबाब होते. बापाच्या वेळी मला जो शब्द सुचला होता तसले. ते गिळून मी खोचलेलं लुगडं नीट केलं. संध्याकाळी जेवताना त्यानं ताटाकडं बघत म्हणलं, "मनू, आजीला विचार, अजून भाकर पाहिजे का."

त्याला काय माहीत? मी आईच्या मिठाचं सांगत होते तेव्हा तो दारात आला होता की नंतर, हे मी आजही विचारलेलं नाही. पण मी उचललेला घास परत ताटात ठेवला. समोर ताट होतं, त्यात भाकर होती, वांग्याची भाजी होती, अन् मला पहिल्यांदा कळलं की आई तेव्हा दोन हातांवर का बसायची. हात लपवायला नाही. ते थरथरायचे. मी मधे उभी राहून निरोप सांगत होते, मला दिसत होतं, पण मी ते बघितलं नव्हतं. माझ्या नजरेचा मला केवढा गर्व. दुधातलं पाणी सांगणारी मी. शुक्रवार गेला, शनिवार गेला. सुलेखा एकदा म्हणली, "आत्याबाई, त्यांचं मनावर घेऊ नका," अन् मी तिला टाकून बोलले नाही, तशी ती घाबरून मनीला सांगायला गेली की आजीला बरं नाही. दिवसभर कॉम्प्युटर घोंघावायचा, खोली भट्टीसारखी तापायची, कूलरमध्ये टाकायला पाणी नव्हतं. मनी ओला रुमाल मानेवर टाकून घोड्याची हाडं काढत होती अन् गायीची बसवत होती. मधेच हाक मारायची, "आजी, डोकं फेकल्यावर कान कुठं असतात?" मी दारातून सांगायची, "मागं. चिकटलेले." मला वाटायचं, ती पोरगी पडद्यावर नाही, माझ्या आत बसून काम करते आहे. एक एक हाड काढते, दुसरं बसवते, अन् वर कातडं कधी चढेल ते तिलाच माहीत.

रविवारी दुपारी तिनं सगळ्यांना बोलावलं. सुलेखा पदराला हात पुसत आली. मी खुर्चीवर बसले. राजेंद्र आला, माझ्या पाठीमागं उभा राहिला, मला त्याचा श्वास ऐकू येत होता. येत्या गुरुवारी जयंती होती; त्यानं भाषणाचा कागद अजून काढलेला नव्हता, हे मी बघून ठेवलं होतं. मनीनं सुरू केलं. बाभूळ, जाळीची सावली, गाय. माशी उडाली, खांदा थरथरला. गायीनं गुडघे टेकवले, कान मागं गेले, डोकं पुढं फेकलं. मागचं अंग वर आलं. अन् खांद्यावर कातडं मागून आलं, सैल, घसरत, त्या पांढऱ्या पापुद्र्यावरून, जो पडद्यावर कुठं दिसत नव्हता अन् मला सगळीकडं दिसत होता. गाय गुडघ्यांवर थांबली. एक पाय पुढं निघाला. मुरूम सरकला, गुडघा घसरला, इवलीशी धूळ उडाली. मनीनं ते घातलं होतं. कंपनीनं सांगितलं नव्हतं, मी सांगितलं होतं, पडल्या पडल्या. चव्वेचाळीस वर्षं गेली, पण माझे ओठ आपोआप हलले. उठू... इतकं झालं अन् पुढचा शब्द मी दातांनी धरला. गाय गुडघ्यांवर, डोकं खाली, बरगड्या भात्यासारख्या. पाठीमागचा श्वास थांबला होता. मग तिनं डोकं पुन्हा फेकलं, पाय पुढं टाकला, खुर रुतला, दुसरा पाय आला, अन् ती उभी राहिली. चार पायांवर. जरा झुलली. सावलीतून उन्हात चार पावलं गेली, अन् प्रत्येक पावलाला तिच्या खुराखाली जमीन दबत होती, वजन होतं तिला. ती होती.

मग राजेंद्रनं विचारलं, मनीला नाही, मला. "आई, गुडघा सरकला तेव्हा माझी आजी काय म्हणली?" मी म्हणलं, "काय म्हणली नाय. तिनं माझे डोळे झाकले." त्याचा हात माझ्या खांद्यावर आला, कामाचा हात, जड. "भाषणात मी तिचं नाव कधीच घेतलं नाही," तो म्हणला, "मालनबाईचं." "यंदा घे," मी म्हणलं, "पण आधी माझं घे. खोटं मी बोलले, ती नाय. अन् पहिल्या रांगेत बसून ऐकीन मी. मान खाली घालणार नाय, हलवणार बी नाय." तो जरासं हसला की नुसता श्वास सोडला, मला कळलं नाही. "आई, पुन्हा लावायला सांगू का?" त्यानं विचारलं. मनीचा हात पुढं गेला. मला दिसलं, पुन्हा लावलं की ती आधी खाली बसलेली असणार, त्याच सावलीत, त्याच माश्या.

"नको," मी म्हणलं. "बंद कर, मने. उभी हाय तवर बंद कर."